हिमालयाच्या वाटेवर – भाग सहावा : चुरपोनच्या गावात

परभणी शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेतीनशे मीटरवर आहे. लेह साडेतीन हजारांवर. म्हणजे दहापट. परभणी स्टेशनवर सचखंड एक्स्प्रेस पकडून दिल्ली गाठायची आणि दुसऱ्या सकाळी लेहचं विमान धरायचं, की हा दहापटीचा फरक दोन दिवसांत कापला जातो. विमानाचा प्रवास तर जेमतेम सव्वा-दीड तासाचा. डोळ्यांना तो सुखाचा असतो, पण फुप्फुसांना काय घडलं ते कळायलाही वेळ मिळत नाही.

मागच्या भागात प्रशिक्षण, भारतीय गिर्यारोहण महासंघाची परवानगी आणि साहित्याची जमवाजमव पाहिली. या भागात दोर नाही, बर्फही नाही. लेहपासून शिखराच्या तळछावणीपर्यंत चार-पाच दिवसांची जी चाल असते आणि ती ज्या गावांमधून जाते, त्या गावांविषयी हा भाग आहे. शिखरावरच्या झेंड्याच्या फोटोत ही गावं येत नाहीत. परत आल्यावर शाळेत किंवा मंडळात होणाऱ्या सत्कारातही त्यांचा उल्लेख फार तर एका वाक्यात होतो. मराठवाड्यातल्या माणसाला मात्र ही गावं इतर कुणापेक्षा लवकर कळू शकतात. त्याचं कारण पाणी.

उदाहरणादाखल लडाखमधली मारखा दरी घेऊ. सहा हजार मीटरपलीकडचं पहिलंच शिखर करू पाहणारे महाराष्ट्रातले अनेक तरुण आज कांग यात्से-२ या सुमारे सव्वासहा हजार मीटरच्या शिखराकडे वळतात आणि तिथे जायची एक नेहमीची वाट याच दरीतून जाते. चिलिंग, स्कियू, मारखा, हंकर, थाचुंगत्से, निमालिंग असे टप्पे. स्कियू सुमारे ३,४०० मीटरवर, मारखा गाव ३,८०० च्या आसपास, हंकर ४,००० ला, थाचुंगत्सेचा तळ त्याच्या दोन-अडीचशे मीटर वर आणि निमालिंगचं कुरण सुमारे ४,८०० मीटरवर. कांग यात्सेची तळछावणी पाच हजारांच्या थोडी वर. हे आकडे ओळीनं पाहिले की ही दरी म्हणजे एक जिनाच आहे हे लक्षात येतं.

तो जिना पायरी पायरीनं का चढायचा? उंचीवर हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण कमी होतं असं सर्रास म्हटलं जातं, पण ते बरोबर नाही. प्रमाण सगळीकडे २१ टक्केच असतं. कमी होतो तो हवेचा दाब. लेहला तो समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या जवळ येतो, पाच हजार मीटरवर निम्म्याहून थोडा जास्त उरतो आणि सहा हजारांवर निम्म्याच्याही खाली जातो. दाब कमी म्हणजे एका श्वासात येणारा ऑक्सिजन कमी. शरीर आधी श्वास वाढवतं, मग मूत्रपिंडं रक्तातलं आम्ल-अल्कलीचं गणित नव्यानं बसवतात, आणि तांबड्या पेशी वाढायला तर आठवडे लागतात. यातलं काहीही घाई केल्यानं लवकर होत नाही. म्हणून तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर आदल्या रात्रीपेक्षा पाचशे मीटरहून जास्त उंचीवर झोपू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम वर नेऊ नये, असा डॉक्टरांचा सल्ला असतो. हंकरहून निमालिंग एका दिवसात गाठता येतं. पाय साथ देतातही. पण ती आठशे मीटरची उडी आहे. मधे थाचुंगत्सेला एक रात्र काढायची ती एवढ्यासाठीच.

हा धडा भारतीय जवानांनी सोसून आपल्याला दिला आहे. १९६० च्या दशकात मैदानी भागातून थेट हिमालयातल्या उंच ठाण्यांवर नेलेल्या १,९२५ जवानांना झालेल्या पर्वतीय आजाराचा अभ्यास इंदर सिंग आणि त्यांच्या सहकारी लष्करी डॉक्टरांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. आजही जगभरच्या उच्च-उंची वैद्यकात त्याचा हवाला देतात. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं ही सुरुवात असते. फुप्फुसांत किंवा मेंदूत पाणी साचणं ही त्याच आजाराच्या कुळातली, जिवावर बेतणारी रूपं. त्यावरचा खरा उपाय खाली उतरणं हाच. पंचविशीतला धडधाकट पैलवानही यातून सुटत नाही. उलट डोकं दुखतंय हे तोंडानं कबूल करायला तोच जास्त वेळ लावतो. सह्याद्रीतला सराव पायांना आणि छातीला बळ देतो, पण महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचं आहे. या एका बाबतीत ते मदतीला येत नाही.

म्हणजे गावांमधली चाल ही चढाईचाच भाग आहे. शरीर तयार होत असताना माणसाला पाहायला, ऐकायला, शिकायला जे चार-पाच दिवस मिळतात, ते या गावांमधले असतात.

मारखा दरीत शिरण्याआधी झांस्कर नदीच्या काठावर चिलिंग लागतं. हे धातुकारागिरांचं गाव. सतराव्या शतकात लेहजवळच्या शे इथली बुद्धमूर्ती घडवायला लडाखच्या राजानं नेपाळातून कारागीर आणले आणि त्यांचे वंशज इथे स्थायिक झाले, अशी परंपरा सांगितली जाते. तांब्या-पितळेच्या किटल्या, पळ्या, छांग या सातूच्या मद्याची भांडी अजूनही चिलिंगच्या नावानं ओळखली जातात. मोटाररस्ता आता चिलिंग ओलांडून दरीत शिरला आहे, त्यामुळे पुष्कळ गट इथे उतरतसुद्धा नाहीत.

पुढे नदीकाठानं वाट जाते. दोन्ही बाजूंना उघडे, गेरू-तांबूस, कुठे जांभळट डोंगर. लेहला वर्षभरात शंभर मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो. परभणीत आठ-नऊशे मिलिमीटर पडतो आणि तरीही आपण त्याला दुष्काळी पट्टा म्हणतो. मग या शंभर मिलिमीटरच्या मुलखात, एका वळणावर, अचानक हिरवागार तुकडा समोर येतो. सातूची शेतं, वाटाणा, मोहरीची पिवळी पट्टी, कडेला विलो आणि पॉप्लरची झाडं. तेच गाव. हिरवं संपलं की गाव संपलं. त्यापलीकडे पाऊलभरही गवत नाही, इतकी ती रेघ स्वच्छ असते.

ती रेघ पाटानं आखलेली असते. लडाखी भाषेत पाटाला युरा म्हणतात. वरच्या नाल्यातून डोंगराच्या कडेकडेनं, दगड आणि माती थापून तो गावापर्यंत आणलेला असतो. बर्फ दुपारच्या उन्हात वितळतं आणि ते पाणी गावात पोचेपर्यंत दिवस कलतो. म्हणून रात्रीचं पाणी वाया जाऊ नये यासाठी शेतांच्या वरच्या अंगाला छोटी तळी बांधलेली असतात. त्यांना झिंग म्हणतात. सकाळी झिंगचं तोंड उघडायचं आणि पाळीप्रमाणे शेतं भिजवायची. ही पाळी कुणाची, किती वेळ, आधी कुणाचं शेत, हे ठरवणारा माणूस गावानं नेमलेला असतो. त्याचं नाव चुरपोन. चु म्हणजे पाणी आणि पोन म्हणजे प्रमुख.

परभणीच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडे याच माणसाला पाटकरी म्हणतात. पैठणच्या नाथसागरातून निघणारा जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटरचा आहे. तो जालना जिल्हा ओलांडून पाथरी, मानवत, परभणीच्या शिवारात येतो. आवर्तन कधी सुटणार, चारीला किती दिवस पाणी, टेलच्या शेतकऱ्यापर्यंत ते पोचणार का, यावर इथल्या गावागावात किती बैठका होतात आणि किती भांडणं होतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. फरक आकाराचा आहे. तिथला कालवा एका गावाचा असतो आणि पाटकरी शेजारच्याच घरातला. टेलचा शेतकरी रोज सकाळी त्याच्या दारावरून जातो, त्यामुळे त्याचं पाणी तोडणं पाटकऱ्याला जड जातं.

मारखा गावात जुलैच्या एखाद्या सकाळी थांबून हे पाहावं. बाई फावडं घेऊन येते. पाटाच्या कडेला दगड, गवताची मुळं धरलेलं ढेकूळ आणि जुन्या कापडाचा बोळा असं बूच बसवलेलं असतं. ती आधी दगड बाजूला ठेवते, मग ढेकूळ फावड्यानं अलगद उचलून पलीकडे पाटातच आडवं टाकते. पाणी वळतं. थंड, किंचित राखाडी, हिमनदीनं दळलेली बारीक माती सोबत आणणारं. पहिल्या वाफ्यात ते शिरतं आणि ती बाई वाफ्याच्या टोकाशी उभी राहते, पाणी कडेला टेकेपर्यंत. मग पुढचा वाफा. गंगाखेड-पालमकडे याला दारं धरणं म्हणतात. शब्द सोडला तर कामात कसलाही फरक नाही, हातही तसेच आणि कंबरेतून वाकणंही तसंच.

अशा पाटावरून ट्रेकरांची वाट किती तरी वेळा जाते. पाटाच्या काठावर पाय देऊन तो ढासळवणं, तोंड धुवायला बूच सरकवणं, वरच्या अंगाला साबण लावून अंग धुणं, या गोष्टी नकळत होतात आणि संध्याकाळी कुणाच्या तरी वाट्याचं पाणी कमी पडतं.

लडाखात पाळी फक्त पाण्याची नसते. शेळ्या-मेंढ्या चारायला रोज कुणी जायचं, तेही घरागणिक फिरतं. या पद्धतीला रारेस म्हणतात. रा म्हणजे शेळी आणि रेस म्हणजे पाळी. या शतकाच्या सुरुवातीला रुंबक आणि मारखा भागात स्नो लेपर्ड कॉन्झर्व्हन्सी या संस्थेच्या साथीनं घरगुती मुक्कामाची सोय सुरू झाली, तेव्हा गावकऱ्यांनी पाहुण्यांनाही हाच नियम लावला. आज या घरी, उद्या त्या घरी. त्यामुळे पैसे सगळ्यांकडे पोचतात आणि रस्त्यालगतचं एकच घर हॉटेल होऊन बसत नाही. यामागे हिमबिबट्याचं कारण होतं. हा सगळा मुलूख १९८१ साली स्थापन झालेल्या हेमिस राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. हिमबिबट्या रात्री गोठ्यात शिरला तर एका रात्रीत कितीतरी मेंढ्या मारतो. पूर्वी ट्रेकर लेहहून सगळा शिधा, तंबू घेऊन यायचे आणि गावाला काही न देता जायचे. नुकसान गावाचं आणि कमाई शहराची, असा तो हिशेब होता. पाहुण्यांच्या मुक्कामातून आणि गोठ्यांवर जाळीचं छप्पर घालण्यातून तो बदलू लागला. गावातल्या घरात राहणं ही हौस नाही, हिमबिबट्या जिवंत राहण्याच्या व्यवस्थेतला तो आपला वाटा आहे.

त्या घरात शिरताना डोकं वाकवावं लागतं. आत मोठं स्वयंपाकघर असतं आणि तिथेच सगळं घर बसतं. मधोमध नक्षीची लोखंडी चूल, तिच्यात वाळलेलं शेण. झाडं मोजकीच, त्यामुळे जळण म्हणजे गोवऱ्याच. भिंतभर फळ्यांवर तांब्या-पितळेची भांडी आकारानं ओळीत मांडलेली. जुन्या मराठवाडी वाड्यातल्या आजीच्या स्वयंपाकघराची आठवण येईल अशीच. घरच्या बाईला आमा-ले म्हणायचं, म्हणजे आई. वयानं थोडीच मोठी असेल तर अचे-ले, म्हणजे ताई. ‘ले’ हा आपला ‘जी’. भेटताना, निघताना, आभार मानताना एकच शब्द, जुले.

चहा येतो तो मीठ-लोण्याचा. लांब लाकडी नळकांड्यात तो घुसळतात. घुसळताना जो आवाज येतो त्यावरून त्याचं नावच गुरगुर चहा पडलं. पेल्यातून दोन घोट घेतले की आमा-ले पुन्हा भरते. त्याबरोबर येतं भाजलेल्या सातूचं पीठ, ङाम्फे. हे मराठी माणसाला नवं वाटायला नको. आपल्या घरात उन्हाळ्यात गूळ-पाण्यात कालवून खायचं सातूचं पीठ याच जातकुळीचं. तिथे ते चहात मळून त्याचा गोळा करतात, त्याला खोलाक म्हणतात. सातू आधी भाजायची, मग पाण्यावर चालणाऱ्या जात्यावर दळायची. भाजलेलं असल्यामुळे त्याला पुन्हा शिजवावं लागत नाही आणि जिथे जळण मोजून वापरायचं तिथे ही मोठी बचत आहे. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं, डाळ-तांदूळ शिजता शिजत नाहीत. अशा ठिकाणी हे पीठ शेकडो वर्षं टिकलं, ते उगाच नाही. डब्यातल्या महागड्या आयात खाण्यापेक्षा याच पिठाची पिशवी तळछावणीवर न्यावी.

आणखी एक गोष्ट संकोच न करता लिहायला हवी. लडाखी घराचं शौचालय दुमजली असतं. वरच्या खोलीत जमिनीला भोक, शेजारी मातीचा ढीग आणि फावडं. वापरून झालं की माती लोटायची. पाण्याचा थेंबही लागत नाही आणि वर्षभरानं खालच्या खोलीतून शेतासाठी खत निघतं. आपल्या आजोबांच्या पिढीला सोनखत हा शब्द ठाऊक होता. ज्या जमिनीला पाऊस शंभर मिलिमीटर मिळतो आणि वरची माती बोटभर आहे, तिथे हजार वर्षं सातू पिकते ती या खतावर. पाहुण्यानं ते वापरायला शिकावं. टिश्यूपेपर आणि ओले रुमाल मात्र त्यात टाकू नयेत, कारण ते उद्या शेतात निघतात.

आता पाण्याच्या गणिताकडे परत येऊ, कारण गावाची खरी नड तिथे आहे. पेरणी एप्रिल-मेमध्ये होते. हिमनद्या पाच हजार मीटरच्या वर असतात आणि त्या जोमानं वितळतात जूनच्या मध्यानंतर. म्हणजे पेरणीला पाणी हवं तेव्हा पाट कोरडा. चेवांग नोर्फेल या ग्रामविकास खात्यातल्या अभियंत्यानं यावर उत्तर शोधलं. हिवाळ्यात वाया जाणारं ओढ्याचं पाणी त्यांनी गावाच्या वरच्या सावलीच्या बाजूला वळवलं आणि दगडी बंधाऱ्यांच्या ओळींमागे थांबवलं. पाणी थबकलं की तिथेच गोठतं. हा बर्फ खऱ्या हिमनदीपेक्षा खाली असल्यामुळे तो आधी, म्हणजे नेमका पेरणीच्या वेळी वितळतो. पहिला प्रयोग १९८७ साली फुकत्से गावात झाला. २०१५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे सोनम वांगचुक यांनी पाणी उंचावरून कारंज्यासारखं उडवून बर्फाचे शंकू उभे केले, ते आईस स्तूप. पण मुळातली नोर्फेल यांची युक्ती म्हणजे आपल्या गावातला दगडी बंधाराच. आपल्याकडे तो पाणी जिरवतो, तिथे तो गोठवतो. हा शेतीसाठीचा शोध आहे आणि गिर्यारोहणाच्या पुस्तकांतही त्याला जागा मिळायला हवी.

या पार्श्वभूमीवर स्टोक गावानं काय केलं ते समजतं. लेहसमोरच्या स्टोक गावामागे ६,१५३ मीटरचं स्टोक कांगडी उभं आहे. सहा हजारी शिखरांत ते सोपं आणि शहराजवळचं, म्हणून वर्षानुवर्षं तिथे झुंबड उडायची. तळछावणीवर तंबू, खेचरं, उघड्यावरची घाण, आणि ते सगळं त्याच ओढ्याला लागून, ज्याचं पाणी खाली स्टोकचे लोक पितात आणि शेताला देतात. वरची हिमनदी छोटी, तीही मागे सरकणारी. २०२० पासून तीन वर्षांसाठी गावकऱ्यांनी हे शिखर चढाईला बंद केलं आणि लडाखच्या पर्यटन व्यावसायिकांच्या संघटनेनं त्यांना साथ दिली. पुष्कळ गिर्यारोहकांना त्या वेळी वाईट वाटलं, कारण ठरलेल्या मोहिमा रद्द झाल्या. पण निर्णय रास्त होता. उत्पन्नाचं मोठं साधन स्वतःहून थांबवायला धाडस लागतं आणि ते गावानं दाखवलं. लातूरला रेल्वेनं पाणी आलेलं २०१६ साली ज्यांनी पाहिलं, त्यांना तरी हे पटायला हरकत नाही.

स्टोक बंद झाल्यावर गर्दी कांग यात्से-२ कडे वळली. म्हणजे तेच ओझं आता मारखा दरीवर आणि निमालिंगवर आलं. निमालिंग हे दरीतल्या गावांचं उन्हाळी कुरण. याक, याक-गाईच्या संकराचे झो, मेंढ्या घेऊन माणसं इथे वर येतात, दगडी गोठ्यांत राहतात, दूध घुसळून लोणी काढतात, चीज वाळवतात. ट्रेकरांचे तंबू त्याच हिरवळीवर, त्याच ओढ्याकाठी लागतात. खेचरंही तेच गवत खातात. वाटेत गावच्या बाया जुन्या पॅराशूटच्या कापडाचे तंबू ठोकून चहा, मॅगी आणि उकडलेली अंडी विकतात. तिथे बसून खाण्यावर खर्च केलेले पन्नास-शंभर रुपये थेट गावात राहतात, हे लक्षात असू द्यावं.

नेपाळच्या बाजूलाही चित्र फार वेगळं नाही. छत्रपती संभाजीनगरचे पोलीस कर्मचारी रफीक शेख २०१६ मध्ये आणि तिथल्याच मनीषा वाघमारे २०१८ मध्ये एव्हरेस्टवर पोचले, तेव्हा मराठवाड्यात त्या शिखराचं नाव घराघरात गेलं. नेपाळकडून एव्हरेस्टला जायची वाट लुक्ला, नामचे, तेंगबोचे, दिंगबोचे अशा शेर्पा गावांतून आठ-दहा दिवस वर चढते. चार हजार चारशे मीटरवरच्या दिंगबोचेत दगडी कुंपणांमध्ये बटाटा आणि सातू होते. त्याच खुंबू भागातलं थामे हे तेनझिंग नोर्गे यांच्या बालपणाचं गाव. १६ ऑगस्ट २०२४ रोजी वरची हिमतळी फुटली आणि थामेत घरं, शाळा, दवाखाना वाहून गेला. चढाई करणारी माणसं ज्या बर्फावर पाय ठेवतात, त्याच बर्फाचं पाणी खालच्या गावाला पोसतं आणि कधी बुडवतंही.

परभणीच्या शिवारात सोयाबीन-कपाशीची कोळपणी चालू असते, तेच दिवस मारखा दरीत जायचे. मान्सून तिथे फारसा पोचत नाही आणि सातूच्या ओंब्या भरत असतात. या जुलै-ऑगस्टमध्ये जे निघतील त्यांनी लेहला उतरल्यावर निदान दोन पूर्ण दिवस काही न करता काढावेत. दरीत तंबूऐवजी शक्य तितक्या रात्री गावातल्या घरी राहावं आणि पाळी ज्या घराची असेल तिथेच जावं, भाव करत दुसरं दार शोधू नये. आपला सगळा कचरा लेहपर्यंत परत आणावा. आणि मारखा गावात चुरपोन भेटला, तर त्याला जायकवाडीच्या पाटकऱ्याविषयी अवश्य सांगावं.

(पुढच्या आठवड्यात : निमालिंग ते तळछावणी, आणि पहाटे एक वाजता निघणारी चढाई)